फायब्रोमायल्जियात जबडा धरला तर काय करायचं

श्रावण सरत आला की माझ्याकडे ब्लाऊजचा ढीग लागतो. आमचं वडगाव म्हणजे बेळगावातली विणकरांची वस्ती. गौरीला नवी साडी आणि साडीवर नवा ब्लाऊज हे ठरलेलंच. चार वर्षांपूर्वी अशाच घाईत दुपारी जेवायला बसले, भाकरीचा तुकडा मोडून कोरड्यासात बुडवला, तोंडाशी नेला आणि तोंड उघडेना. जेमतेम दीड बोट आत जाईल एवढीच फट. सासूबाई ताटावरून उठून आल्या. "दातखीळ बसली काय गं?" म्हणत त्यांनी माझी हनुवटी धरली, आणि त्या नुसत्या धरण्यानंसुद्धा कानापर्यंत कळ गेली.

माझं वय 51. तीस वर्षं शिलाई करते. फायब्रोमायल्जिया असल्याचं त्याआधी दोन वर्षं कळलेलं होतं. अंग ठणकणं, सकाळी उठताना हाडं न् हाडं मोडून आल्यासारखी वाटणं, झोप होऊनही न झाल्यासारखी, हे सगळं ओळखीचं झालं होतं. पण जबड्याचा त्याच्याशी संबंध असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी दाताच्या दवाखान्यात गेले. आधी एका दाढेचं रूट कॅनाल झालं. दुखणं राहिलं, म्हणून सहा महिन्यांत तीच दाढ काढली. दुखणं तरीही जिथल्या तिथे. ती दाढ चांगली होती हे पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी जुना एक्स-रे बघून सांगितलं तेव्हा मी घरी येऊन रडले.

हे लिहायला बसण्याचं कारण ती दाढ आहे. शिलाईत आम्ही आधी कच्चा टाका घालतो, अंगावर लावून बघतो, मग कात्री. कापडाला कात्री लागली की ते मागे येत नाही. जबड्याचंही तसंच धरा: आधी जे परत फिरवता येतं ते सगळं करून बघा. मी डॉक्टर नाही. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून जे शिकले आणि स्वतःच्या अंगावर करून पाहिलं, ते सांगते.

आधी जबडा बोटांनी ओळखा

कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवा आणि सावकाश तोंड उघडा, मिटा. बोटाखाली काहीतरी सरकतं, तो जबड्याचा सांधा. बिजागरीसारखा फिरतो आणि टेबलाच्या खणासारखा पुढेही सरकतो, म्हणून नाजूक. आत कुर्चेची छोटी गादी असते. ती जागची हलली की तोंड उघडताना 'कट्' आवाज होतो. आवाज आहे पण दुखत नाही, तोंडही पूर्ण उघडतं, तर त्यावर उपचार लागत नाही. कित्येकांचा जबडा आयुष्यभर वाजतो.

आता तळवे गालांवर ठेवून दात आवळा. हाताखाली जो गोळा टरारून येतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. मग बोटं कानशिलावर ठेवून पुन्हा आवळा. तिथेही हालचाल लागते, कारण दुसरा मोठा स्नायू डोक्याच्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला आहे. मी कित्येक वर्षं कानशिलाच्या दुखण्याला अर्धशिशी समजून बाम चोळत होते. दात आवळल्यावर तीच कळ, तिथेच उठते हे कळलं तेव्हा माझ्या दुखण्याचा अर्धा उलगडा झाला. जबड्याचं दुखणं कानात, दाढेत, मानेत कुठेही भासतं. मी दाढ दाखवत होते आणि दुखत होता गालाचा स्नायू.

फायब्रोमायल्जियात हे जास्त का होतं? या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचे निरोप वाढवून घेतात. मशीनवर दोऱ्याचा ताण ठेवणारा स्क्रू जास्त आवळला गेला की चांगला दोरासुद्धा जरा ओढ बसताच तुटतो. दोष दोऱ्यात नसतो. तसंच इथे दाढ, सांधा धड असतात, पण एरवी जाणवणारही नाही एवढा ताण दुखणं होऊन बसतो. त्यात झोप कच्ची, आणि दुखणं सोसताना नकळत दात आवळले जातात. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजीने 2010 साली हा आजार ओळखण्याचे जे निकष दिले, त्यात दुखण्याच्या 19 जागा मोजतात. त्या 19 मध्ये डावा जबडा आणि उजवा जबडा अशा दोन जागा आहेत. हे मला आधी माहीत असतं तर मी दाताच्या दवाखान्यात बसण्याआधी माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांना फोन केला असता.

दुसरं काही नाही ना, हे बघा

फायब्रोमायल्जिया असलेल्या बाईचं प्रत्येक दुखणं त्याच खात्यावर लिहिलं जातं. त्यात घातकही काही सुटू शकतं, म्हणून हा भाग मन लावून वाचा.

चालताना, जिना चढताना जबड्यात, गळ्यात दाब येतो, सोबत घाम, धाप, छातीत किंवा हातात जडपणा: हे हृदयाचं असू शकतं. बायकांत तर छातीऐवजी जबडा, पाठ अशीही सुरुवात होते. वाट न बघता दवाखाना गाठा. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येतो, सोबत नव्यानंच सुरू झालेली डोकेदुखी, वेणी घालताना डोक्याची कातडी दुखणं, अंधुक दिसणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, तर त्याच दिवशी डॉक्टर. हा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार असू शकतो आणि उशीर झाला तर नजर जाते. जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आखडत गेला तर धनुर्वात मनात आणा. सूज आणि ताप असेल, गालाला बधिरपणा असेल, गाठ लागत असेल, चेहऱ्यात विजेसारखी सणक येऊन जात असेल, तर तेही फायब्रोमायल्जिया म्हणून घरी काढायचं दुखणं नव्हे.

आणि एक आपल्या भागाचं. निपाणी, चिकोडीकडे तंबाखू घरातला असतो, सुपारी आणि गुटखा तर गल्लोगल्ली. सुपारीनं गालाची आतली कातडी पांढरट, ताठ होत जाते, तिखट लागलं की आग होते आणि तोंड महिन्यामहिन्याला कमी उघडतं. तो वेगळा आजार आहे, त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, आणि शेक-व्यायामावर वेळ काढून चालत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाचं तोंड असंच मिटत चाललं होतं आणि घरचे "थंडीनं झालं" म्हणत होते. सुपारी खात असाल तर डॉक्टरांना लाज न धरता सांगा आणि तोंड आतून तपासून घ्या.

दवाखान्यात काय सांगायचं

पहिलं वाक्य हे: "मला फायब्रोमायल्जिया आहे." दात दाखवायच्या आधी. मी हे शेवटी सांगायची, तेही विचारलं तर.

माझे संधिवाताचे डॉक्टर कन्नड बोलतात. मराठी समजतं, पण दुखण्याचे बारकावे त्यांच्या भाषेत सांगितले की पटकन पोचतात. म्हणून पाठ करून ठेवलेले दोन-तीन शब्द देते. जबड्याचं दुखणं म्हणजे 'दवडे नोवु'. सगळं अंग दुखणं म्हणजे 'मैकै नोवु'. तोंड उघडता येत नाही, 'बायी तेरेयोके आगल्ल'. नुसतं 'कीलु नोवु' म्हणाल तर सांधेदुखी एवढाच अर्थ होतो आणि बोलणं गुडघ्याकडे जातं. खानापूर, नंदगडकडच्या बायका माझ्याकडे येतात, त्यांना मी हे चिठ्ठीवर लिहून देते.

चिठ्ठीवर आणखी चार गोष्टी असाव्यात: दुखणं सकाळी जास्त की संध्याकाळी, काय खाल्ल्यावर वाढतं, जबडा कधी अडकला होता का, आणि चालू असलेली सगळी औषधं. औषधांचं महत्त्वाचं आहे. फायब्रोमायल्जियात ड्युलोक्सेटिन देतात. त्या प्रकारच्या आणि सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी काहींना दात आवळणं, झोपेत दात खाणं सुरू होतं. अमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. गोळी सुरू झाल्यानंतर जबडा धरला असेल तर तारखांसकट सांगा. गोळी मनानं बंद करू नका. माझा डोस डॉक्टरांनी बदलून दिला, तेवढ्यानं सकाळचा आवळ बराच उतरला.

तोंड किती उघडतं ते घरीच मोजून जा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी जातील एवढं. 35 च्या खाली असेल तर कमी धरतात. मी आरशासमोर बसून माझ्याच टेपनं मोजते, वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत. ओढून उघडायचं नाही, जिथे दुखायला लागतं तिथला आकडा घ्यायचा. त्या गौरीच्या महिन्यात तो 24 होता. गिऱ्हाइकांची मापं लिहिते त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मी माझं माप लिहीत गेले. आकडा समोर ठेवला की डॉक्टर वेगळ्या लक्षानं ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

आता कात्रीचं. जबड्याच्या जुनाट दुखण्यावर कोणता उपचार करावा याबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2023 च्या डिसेंबरात जागतिक तज्ज्ञांची शिफारस आली. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, बसण्या-उठण्याची ढब सुधारणं, स्नायू हातानं मोकळे करणं, दुखण्याशी वागण्याचं समुपदेशन आणि घरची काळजी, हे करावं असं त्यात ठामपणे म्हटलं आहे. चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, कायमचा बदलणाऱ्या दातांवरच्या पट्ट्या आणि सांध्यातली गादी काढण्याची शस्त्रक्रिया करू नये, असंही तितक्याच ठामपणे. दात झिजवून चावा 'जुळवून देतो', अक्कलदाढ काढली की बरं वाटेल, असं कुणी पहिल्या भेटीत म्हणालं तर "मी दुसरं मत घेऊन येते" एवढं म्हणून उठा. दाढ खरंच किडली असेल तर ती दाखवता येते, एक्स-रेत दिसते, थंड पाण्यानं कळते. दाखवता येत नसेल तर थांबा.

दिवसभर: ओठ मिटलेले, दात सुटे

मला सगळ्यात जास्त फरक यानं पडला आणि याला पैसा लागत नाही.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात. ते फक्त चावताना आणि गिळताना टेकतात, बाकी वेळ मध्ये फट. मला हे खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं तोंड मिटलं म्हणजे दात मिटले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, "आत्ता, या क्षणाला तुमचे दात कुठे आहेत?" आणि ते घट्ट आवळलेले होते.

घरी आले, मशीनवर बसले आणि स्वतःवर पाळत ठेवली. सुईत दोरा ओवताना दात आवळलेले. काखेचा गोल शिवताना आवळलेले. टाचण्या ओठांत धरलेल्या असायच्या, त्या पडू नयेत म्हणून जबडा पुढे काढलेला. शिलाई संपली की मान वाकवून दोरा दातानं तोडायचा. तीस वर्षं, दिवसाला किती वेळा, हिशेब कोण ठेवतो? माझ्या वरच्या एका दाताच्या कडेला दोऱ्याची बारीक खाच पडली आहे. जिभेला ती रोज लागत होती आणि तिचा अर्थ मला कळला नव्हता.

करायचं असं. 'न' म्हणा आणि तिथेच थांबा. जीभ वरच्या दातांच्या मागे हलकी टेकली आहे, दात सुटलेले आहेत. आता ओठ अलगद मिटा, नाकानं श्वास घ्या, खांदे खाली सोडा. जबड्याची विश्रांतीची जागा हीच. अवघड भाग आहे तो आठवण राहण्याचा. मी मशीनच्या दांड्यावर लाल दोऱ्याची गाठ बांधली, सुईकडे बघताना ती नजरेत येतेच. मोबाईलला हात लावला की, चहाचं आधण ठेवलं की, सिग्नलला रिक्षा थांबली की, अशा ठरलेल्या खुणा लावून घ्या. सुरुवातीला मी दिवसातून चाळीस वेळा दात आवळलेले पकडले असतील. चिडू नका स्वतःवर. पकडलं, सोडलं, पुढचं काम. दोन महिन्यांनी जबडा आपोआप सुटा राहायला लागला.

टाचण्यांसाठी मनगटावर बांधायची गादी शिवून घेतली. दोरा तोडायला छोटी कात्री गळ्यात अडकवली. तुमचं काम वेगळं असेल. लूमवर असाल तर आवाजानं जबडा आवळला जातो, फोन खांद्यात धरून बोलत असाल तर मान आणि जबडा एकाच बाजूला ओढला जातो, हनुवटीला हात लावून मुलांचा अभ्यास घेत असाल तर सगळा भार सांध्यावर. शोधा. प्रत्येकाची एखादी 'दोरा तोडायची' सवय असते.

शेक, चेपणं, व्यायाम: सगळं निम्म्यानं

जबड्याचे व्यायाम छापील कागदावर 'सहा-सहा वेळा, दिवसातून सहा वेळा' असे मिळतात. ज्याला नुसता जबडा दुखतो त्याला ते ठीक आहे. आपल्याला नाही. मी पहिल्या दिवशी उत्साहानं सगळे केले आणि पुढचे तीन दिवस मानेसकट आडवी झाले. फायब्रोमायल्जियात नियम एकच पाळा: आज जे केलं त्यानं उद्या सकाळी दुखणं नेहमीपेक्षा जास्त असेल तर उद्या निम्मं. बंद नाही, निम्मं.

आधी शेक. जुनं सुती लुगडं किंवा पंचा गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, मग गालावर आणि कानशिलावर दहा-पंधरा मिनिटं. आमच्या पावसाळ्यात, वारं आणि भिज असते तेव्हा, मी हे दोन्ही वेळा करते. तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडीही चालते, पण ती भाजते, थेट कातडीला लावू नका. काहींना गारव्यानं बरं वाटतं, तुमचं अंग काय म्हणतं ते बघा.

मग चेपणं. दोन बोटं गालाच्या त्या गोळ्यावर, दात सुटे ठेवून. पिकलेला टोमॅटो बाजारात चेपून बघतो तेवढाच दाब, त्याहून जास्त नाही. लहान गोल फिरवत वरून खाली, एका बाजूला मिनिटभर. "जोरात चोळलं की मोकळं होतं" असं मायेनं सांगणारे भेटतील. माझ्या नणंदेनं तेल लावून जोरात चोळलं होतं, रात्रभर झोप नाही.

शेवटी व्यायाम. जीभ टाळूला टेकलेली ठेवायची आणि ती सुटणार नाही एवढंच तोंड उघडायचं, सावकाश, आरशात बघून, हनुवटी सरळ खाली जाते का तिरकी. मी तीन वेळांनी सुरुवात केली, सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांनी चार. मग हनुवटीखाली बोट ठेवून अगदी हलका विरोध देत उघडायचं, पाच मोजेपर्यंत. बोटांनी ओढून तोंड मोठं करणं, च्युइंगम चघळून 'ताकद आणणं' हे फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय नाहीच.

मानेकडेही बघा. मशीनवर वाकून बसलं की डोकं पुढे जातं आणि खालचा जबडा मागे ओढला जातो. मी स्टुलाऐवजी पाठीची खुर्ची घेतली, तिच्यावर उशी घालून उंची वाढवली आणि दर अर्ध्या तासाला उठायचं ठरवलं. शिवाय रोजचं चालणं. फायब्रोमायल्जियावर युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांनी 2016 साली उपचारांची छाननी केली, तेव्हा ठाम शिफारस फक्त व्यायामाची निघाली. मी दहा मिनिटांनी सुरुवात केली होती. आता कपिलेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन येते. ज्या आठवड्यात चालणं चुकतं त्या आठवड्यात जबडासुद्धा कुरकुरतो.

ताटात काय

आपल्याकडचं खाणं जबड्याला कामाला लावणारं आहे. ज्वारीची कडक भाकरी, भाजलेल्या शेंगा, चुरमुऱ्यात फुटाणे, सोलून खायचा ऊस, गोकाकचं करदंट. करदंट मला जिवापाड आवडतं, पण डिंकाचं आणि सुक्यामेव्याचं ते चिवट वड्यांचं पक्वान्न दुखऱ्या जबड्यासाठी फार जड. ऊस तर चार वर्षांत दातानं सोलला नाही, रस पिते.

पण मऊ खाणं म्हणजे आजाऱ्याची पेज, असं समजून उपाशी राहू नका. अंग दुखणाऱ्याला ताकद हवीच. ताजी मऊ भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, मऊ भात आणि मुगाची आमटी, नाचणीची आंबील, उकडलेली रताळी (आमच्या तालुक्यात ती भरपूर पिकतात), अंड्याची पोळी, खिचडी, घावन, दही, केळं, पिकली पपई. शेंगदाणे सोडवत नाहीत ना? कूट करून चटणीत, आमटीत घाला. मटण असेल तर कुकरला दोन शिट्ट्या जास्त, नाहीतर खिमा. सफरचंद, पेरू चिरून बारीक फोडी, अख्ख्याला दात लावून तोडायचं नाही. घास लहान, दोन्ही बाजूंनी चावत. गोड खावंसं वाटलं तर आपला कुंदा आहेच, तो जिभेवरच विरतो.

हे पथ्य दुखणं भडकलं असेल तेव्हाचं, दोन-तीन आठवड्यांचं. जन्मभर मऊच खाल्लं तर स्नायू दुबळे पडतात. उतरायला लागलं की एकेक पदार्थ परत आणा. मी पहिल्यांदा पोळी आणली, मग ताजी भाकरी, आणि सहा महिन्यांनी शेंगा, मोजून दहा.

घरच्यांना सांगावं लागतं. सासूबाईंना वाटायचं मी त्यांच्या भाकरीला नावं ठेवते. मी त्यांचा हात माझ्या गालावर ठेवला आणि एक घास चावून दाखवला. तो गोळा कसा थरथरतो ते त्यांच्या तळव्याला लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्या माझी भाकरी तव्यावरून उतरवली की फडक्यात गुंडाळून ठेवतात, मऊ राहावी म्हणून.

रात्र

उपडं झोपू नका, गालाखाली हात घेऊनही नको. पाठीवर, किंवा कुशीवर मान सरळ राहील एवढी उशी. झोपण्याआधी शेक. झोप कच्ची राहिली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, तेव्हा घोरणं, श्वास अडकून दचकून उठणं असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण त्याच्यासोबत दात खाणंही आढळतं. लहानपणी आपण ऐकलं की जंत झाले म्हणून झोपेत दात खातात. मोठ्या माणसात कारणं वेगळी असतात: ताण, झोपेचे विकार, औषधं, रात्रीची दारू-सिगारेट, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी.

रात्री दातांवर घालायच्या पट्टीबद्दल मला रोज कुणी ना कुणी विचारतं. दात झिजत असतील तर ती दात वाचवते. दुखणं थांबवेल याची खात्री नाही. त्या 2023 च्या शिफारशीत नुसत्या दुखण्यासाठी साध्या, काढता-घालता येणाऱ्या पट्टीकडेही फारसा कल नाही. करून घ्यायचीच तर दंतवैद्याकडून माप देऊन, सगळ्या दातांवर बसणारी. फक्त पुढच्या दातांवर बसणाऱ्या तुकड्यानं कालांतरानं चावा बदलू शकतो. पट्टीनं सकाळी जास्त दुखत असेल तर सोसत बसू नका, परत दाखवा.

दाताच्या खुर्चीत बसायची वेळ आलीच तर

किडका दात टाळून चालत नाही. वेळ घेतानाच सांगा की जबड्याचा त्रास आहे, एक मोठी बैठक नको, दोन-तीन लहान द्या. दिवसाच्या ज्या वेळी तुमचं अंग हलकं असतं ती वेळ मागा, माझी अकरानंतरची. घरून शेक घेऊन जा. तोंड स्वतःच्या ताकदीनं उघडं धरायला लागू नये म्हणून दातांत ठेवायचा रबरी ठोकळा डॉक्टरांकडे असतो, तो मागून घ्या. हात वर केला की थांबायचं, हे आधीच ठरवा आणि खरंच हात वर करा. मानेखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. त्यानंतरचे दोन दिवस मऊ खाणं आणि शिलाईला सुट्टी.

जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड गरजेपेक्षा जास्त आ वासणार नाही. कधी तोंड उघडं राहून मिटेनासं झालं, तर घरच्या कुणालाही ढकलू देऊ नका. हनुवटीला हातानं आधार देऊन सरळ तातडीच्या विभागात जा, तिथे डॉक्टर ते बसवून देतात. आणि माझ्यासारखं उघडेनासं झालं, पण ताप, सूज, जखम काही नाही, तर तेव्हाही जोर लावू नका. शेक, दात सुटे, मऊ भात, आणि उद्या-परवा डॉक्टर.

या महिन्याच्या एक तारखेला वहीत 39 लिहिलं. गौरीचे ब्लाऊज यंदाही आहेत, पण बत्तीसच्या वर घ्यायचे नाहीत असं गिऱ्हाइकांना सांगून टाकलं आहे.